चौधरी काकांचं इंजीन आणि भंडाऱ्याचं पाणी

रंग हवेतच वाळू शकतो, हे मला बुऱ्हाणपूरनं शिकवलं. आमच्याकडे कुडाळ तालुक्यात सकाळी लावलेला रंग संध्याकाळीही बोटाला लागतो. इथे रंगाच्या गनमधून निघालेला थेंब वस्तूपर्यंत पोचायच्या आत त्याची पावडर होते. मग त्या अंगावरून बोट फिरवलं की रव्याच्या लाडवावरून फिरवल्यासारखं लागतं. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मला वाटलं, आपला हात गेला. माझा स्वभावच तसा.

संपादकांनी दिवाळी अंकासाठी धंद्याबद्दल लिहा म्हटलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. आठवीत शाळा सुटलेला माणूस मी. छापलेल्या पानावर आपलं वाक्य पडलं आणि कुणी हसलं तर काय घ्या. पण ज्यांच्या जिवावर मी इथे उभा राहिलो त्यांच्याबद्दल चार ओळी कुठेतरी उमटाव्यात, एवढ्यासाठी बसलो आहे. चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

काम काय, तर मी लोकांच्या छंदाला रंग देतो. कुणी विमानं जोडतं, कुणी गलबतं, कुणी आगगाड्या. हौसेनं महिनोन् महिने बसून वस्तू उभी करतात आणि रंगाशी आले की घाबरतात. कुंचल्यानं रंगवलं तर केसांच्या रेघा दिसतात, रंग जाड बसतो आणि बारीक काम त्याखाली बुजून जातं. म्हणून गन. पेनाएवढी असते. आत एक सुई, पुढे बारीक भोक, मागून कॉम्प्रेसरची हवा. बोटानं खटका दाबला की हवा येते, मागे ओढला की रंग. सगळं कसब त्या ओढण्यात आहे. रंग पाण्याचा. थिनरच्या रंगाला वास मारतो आणि प्लॅस्टिकवर पडला तर कधी प्लॅस्टिकच विरघळतं. पाण्याचा रंग गरीब. दुधासारखा पातळ करायचा, वस्तूच्या बाहेर खटका ओढायचा, हात सरळ वस्तूवरून न्यायचा आणि बाहेर गेल्यावरच सोडायचा. वस्तूवर थांबलात की ओघळ आलाच. एक जाड हात देण्यापेक्षा पाच पातळ द्यावेत. माणसाला समजावतानाही हेच बरं पडतं, असा माझा अनुभव आहे.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक दाताचे डॉक्टर लढाऊ विमान घेऊन यायचे आणि मी रंगवत असताना मागे उभे राहून, "थोडं दुखेल" म्हणतात तशा आवाजात, सूचना करायचे. धूलकोटकडचे एक शेतकरी आपल्या ट्रॅक्टरची हुबेहूब नक्कल घेऊन आले. मी छान तांबडा चकचकीत रंग दिला, तर त्यांनी खिशातून पुडी काढली. पुडीत त्यांच्या वावरातली माती. म्हणाले, "धुतलेला ट्रॅक्टर शोरूमचा असतो बाबू, आमचा नसतो." त्या दिवसापासून मी माती, काजळी आणि गंज रंगवायला लागलो असं म्हटलं असतं, पण ते खरं नाही. तो धडा मला त्याच्या खूप आधी मिळाला होता. तोच सांगायला बसलोय.

आमच्या भागात मूर्तिकाराच्या कारखान्याला गणपतीची शाळा म्हणतात. मी एक शाळा सोडली ती या दुसरीसाठी. तिथे गन शिकलो. गालावरची लाली, सोंडेखालची सावली, पितांबराच्या चुण्या हे काम माझ्याकडे असायचं. बुऱ्हाणपूरला लोधीपुऱ्यात प्रकाश नाना मूर्ती करायचे, पाट्याही रंगवायचे. त्यांना शेडिंगला माणूस हवा होता. कुणाच्या तरी ओळखीनं आमच्या मास्तरांकडे निरोप आला आणि मास्तरांनी मला धाडलं. हंगामापुरता. मी पत्र्याची पेटी घेऊन निघालो. पेटीच्या झाकणावर मास्तरांनीच माझं नाव आणि गावाचा पत्ता झोकात रंगवून दिला होता, हरवली तर घरी पोचेल म्हणून. पेटी की मी, हे त्यांनी सांगितलं नाही.

नानांनी माझं नाव पहिल्या दिवशी विचारलं आणि दुसऱ्या दिवशी सोडून दिलं. "ए कोकण," म्हणायचे. आजही तेच म्हणतात. माझं "माका, तुका" ऐकून वहिनी, म्हणजे नानांच्या पत्नी, पदर तोंडाला लावायच्या आणि त्यांचं "मले, तुले" ऐकून मी मनात हसायचो. मध्ये हिंदी होती म्हणून आमचं जमलं. झोपायला कारखान्यातलीच जागा. तिथे भिंतीला एक फळी होती, सामान लावायला वहिनींनी रिकामी करून दिलेली. मी सामान पेटीतच ठेवायचो. कपडा काढला, घातला, धुतला की परत पेटीत. उद्या जा म्हणाले तर वेळ लागायला नको.

वहिनींच्या ते लक्षात आलं होतं. एकदा झाडता झाडता म्हणाल्या, "फळीले काटे आहेत का भाऊ?"

गणपती गेले. तापीवरून परत आल्यावर कारखाना असा दिसायला लागला की बघवेना. नानांनी कॉम्प्रेसरवर गोणपाट टाकलं आणि म्हणाले, आता काही दिवस पाट्यांचं काम बघू, नाहीतर मग तू गावाकडे जाऊन ये. "जाऊन ये" म्हणाले होते. मी त्यातलं "जा" तेवढं ऐकलं. गावाकडे काय होतं? मोठा भाऊ होता, बाबा धरून घरात चार माणसं होती आणि मी गेलो तर पाचवं ताट.

अशात चौधरी काका आले. नेपानगरला राहायचे. कागदाच्या गिरणीच्या साइडिंगवर, म्हणजे गिरणीच्या स्वतःच्या रुळांवर, वाफेचं इंजीन चालायचं, त्याचे ते ड्रायव्हर. तेव्हा निवृत्त झालेले. अंगानं वाळलेले, पांढरा शर्ट, छातीत धाप. लोधीपुऱ्यातल्या कुठल्याशा मंडळाच्या गणपतीच्या सोंडेखालची सावली बघून ते विचारत विचारत आले होते. हातात चादरीत गुंडाळलेलं काहीतरी, लहान मूल धरावं तसं. नानांच्या कट्ट्यावर त्यांनी चादर सोडली.

ते इंजीन होतं. हातभर लांब. बॉयलर पाण्याच्या प्लॅस्टिकच्या पाइपचा, केबिन तेलाच्या डब्याच्या पत्र्याची, रिव्हेटांच्या जागी टाचण्यांची डोकी एकेक करून बसवलेली. चाकांचे दांडे खरोखर हलत होते. रंग मात्र नव्हता. पाइपवरची कंपनीची अक्षरं अजून दिसत होती, त्यामुळे सगळी वस्तू उघडी पडल्यासारखी वाटत होती.

काकांनी सांगितलं ते असं. खरं इंजीन भंगारात गेलं होतं. ते तुकडे होऊन गेलं तेव्हा काका ड्युटीवरच होते. काकू वारल्यावर मुलानं पुण्याला कायमचं बोलावलं होतं आणि ते भाऊबिजेनंतर जाणार होते. नेपानगरचं घर सोडायचं होतं. "सगळं तर नेता येत नाही बेटा," ते मला म्हणाले, "एवढं नेतो." थिनर त्यांच्या छातीला सोसत नव्हता म्हणून मुलानं पाण्याच्या रंगाच्या बाटल्या पाठवल्या होत्या. पण हात कापतो, आणि हे दुसऱ्यांदा करण्याएवढी ताकद आता नाही.

नाना म्हणाले, "कोकण, तुले जमेल?"

मला माहीत नव्हतं. मी हो म्हटलं. हे काम जमलं तर गोणपाट निघेल आणि मी राहीन, एवढंच डोक्यात होतं. नाही जमलं तर एका म्हाताऱ्या माणसाचं आयुष्य माझ्या हातून खराब होणार, हे रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचलं.

काम सुरू झालं. आधी साबणाच्या पाण्यानं अंग धुतलं, कारण बोटांचं तेल राहिलं तर रंग धरत नाही. मग करड्या रंगाचा अस्तर-हात. तिथेच तो रवा आला. आश्विनातलं ऊन, हवा कोरडी ठणठणीत. सगळं खरवडून पुन्हा. वहिनींनी गोणपाटं भिजवून दाराला टांगली, मी पहाटेच्या गारव्यात काम करायला लागलो, रंगात मेडिकलमधल्या ग्लिसरीनचा थेंब टाकून बघितला, गन जवळ धरली. हळूहळू रंग ओला टेकायला लागला. मग काळा.

काका दर चार-दोन दिवसांनी पॅसेंजरनं यायचे आणि काळ्यावर नाखूश असायचे. काळा म्हणजे काळा नव्हे, असं त्यांचं म्हणणं. धुराडं कोळशासारखं, केबिनचं छप्पर राखेसारखं, चाकांकडे तेलकट, बॉयलरच्या पोटाशी थोडा गंज. मी काळ्यात निळा, करडा, तपकिरी मिसळत गेलो. या काळात बाबांशी एसटीडीवर बोलणं झालं. काय करतंस विचारलं, मी म्हटलं इंजिनाक रंग काढतंय. "म्हणजे रेल्वेत लागलंस तर!" म्हणाले आणि पैसे पडतात म्हणून फोन ठेवला. गावभर सांगितलं त्यांनी. मी पुढे खुलासा केला नाही. ते गेले तेही मुलगा रेल्वेत आहे याच समाधानात. त्याचं मला बरंही वाटतं आणि कधीकधी वाईटही.

शेवटचा हात वेगळा असतो. रंगात खूप पाणी घालून नुसतं काळपट पाणी करायचं आणि ते वस्तूवरून सोडायचं. ते रिव्हेटांच्या भोवती, सांध्यांत जाऊन बसतं आणि पाणी उडून गेलं की तिथे सावली राहते. वस्तू एकदम जुनी, जड, खरी दिसायला लागते. त्यासाठी पाणी अर्थातच भंडाऱ्याचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बुऱ्हाणपुरात जमिनीखालून बादशाही काळात बांधलेले पाण्याचे बोगदे आहेत, त्यांना भंडारे म्हणतात, वर विहिरीसारख्या कुंड्या आहेत, आणि ते पाणी अजून वाहतं. इथल्या माणसाला कशाचाही गर्व नसला तरी या पाण्याचा असतो. नानांकडे पाहुणा आला की आधी तांब्या आणि मग तांब्याची गोष्ट. पहिल्याच दिवशी त्यांनी मला तो पाजून सांगितलं होतं, "बाटलीतलं पाणी झक मारते याच्यापुढे." कारखान्यात रंगासाठीही तेच, मुद्दाम भरून आणलेलं. देवाच्या मूर्तीला साधं पाणी कसं वापरायचं?

काळपट पाणी सोडलं, वाळलं, नानांनी इंजीन चारही बाजूंनी फिरवून बघितलं आणि अलगद खाली ठेवलं. त्यांची हीच शाबासकी. मी आनंदात झोपलो.

दोन दिवसांनी बघतो तर इंजिनाला कोड फुटलेलं. प्रत्येक रिव्हेटाभोवती पांढुरकी कडी आणि बॉयलरच्या पोटाशी, जिथे पाणी साचून ओघळलं होतं, तिथे पांढऱ्या रेघा. फडक्यानं पुसलं, गेलं नाही. दिवाळी तोंडावर. काका येणार होते ते इंजीन न्यायलाच.

नाना म्हणाले, रंगच खोटा, पुण्याच्या पोरानं काहीतरी पाठवून दिलं. मी रंग काचेवर तसाच, पाणी न घालता लावून बघितला. काळा कुळकुळीत. माझ्या मनात ते आलं होतं, पण ओठांवर येईना. आपण हंगामी माणूस, यांच्या घरात जेवतो, यांच्या दारात झोपतो, आणि यांच्या पाण्याला नाव ठेवायचं? आमच्या गावात कुणी परका येऊन आमच्या आंब्याला आंबट म्हणाला असता तर त्याला संध्याकाळची एसटी दाखवली असती. मी ग्लिसरीनला दोष दिला, हवेला दिला, स्वतःच्या हाताला दिला.

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. कप ठेवता ठेवता त्यांनी इंजिनाकडे बघितलं आणि अगदी सहज म्हणाल्या, "हे तर आपल्या हंड्याले येते तसंच आहे. मी चिंचेनं घासते ते."

"पाण्याले काही बोलू नको," नाना म्हणाले.

"मी हंड्याले बोलून राहिली," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या.

नाना बसून राहिले. मग स्वतःच उठले, कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्याकडून बॅटरीत घालायचं पाणी घेऊन आले. काळ्या काचेवर एक थेंब त्या पाण्याचा, एक भंडाऱ्याचा. उन्हात ठेवली काच. आम्ही दोघं तिच्यासमोर उकिडवे बसलो. बॅटरीच्या पाण्याचा थेंब उडून गेला, मागे काही नाही. भंडाऱ्याच्या थेंबानं नाजूक पांढरी कडी मागे ठेवली. चुना. गोड पाण्यातला चुना. मूर्तींवर तो कधी दिसला नव्हता, कारण मूर्ती गोऱ्यापान आणि दहा दिवसांत पाण्यात.

नानांचा चेहरा बघवत नव्हता. कुणी घरातल्या वडीलधाऱ्याबद्दल खरं पण वाईट सांगावं तसा. मी म्हटलं, "नाना, पिण्याले चांगलंच आहे हो." त्यांच्या बोलीत बोललो, हे मागाहून ध्यानात आलं.

व्हिनेगरमध्ये बॅटरीचं पाणी मिसळून, काडीला कापूस गुंडाळून, मी एकेक रिव्हेट पुसायला बसलो. वरचा भाग निघाला. पोटाकडच्या रेघा राहिल्या होत्या तेवढ्यात काका दारात. एक दिवस आधीच आले होते, राहवलं नाही म्हणून. माझ्या हातातली काडी तशीच राहिली. झाकायला चादरसुद्धा जवळ नव्हती.

काकांनी चष्मा वर केला, इंजीन हातात घेतलं, खिडकीकडे नेलं, तिरपं केलं. पोटाकडच्या पांढऱ्या रेघांवर त्यांचं बोट थांबलं. मी सांगायला सुरुवात केली की पाण्यामुळे झालंय, आजच्या आज काढतो, नवीन हात देतो. काकांचं लक्षच नव्हतं.

"हे तुला कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"काय काका?"

"वॉशआउट प्लगखाली, बॉयलर धुवायच्या बुचाखाली, असंच यायचं. बॉयलरमध्ये इकडचंच जड पाणी. प्लगातून जरा झिरपलं की गरम पत्र्यावर वाळून पांढरी रेघ. आमचा साहेब म्हणायचा पुसा. आम्ही पुसायचो, दुसऱ्या दिवशी परत." त्यांनी इंजीन छातीशी धरलं. "मी तुला सगळं सांगितलं आणि हे सांगायचंच विसरलो होतो. हे पुसू नको."

नाना इतका वेळ खांबाला टेकून होते. ते सरळ झाले. "कोणाचं पाणी आहे शेवटी," ते म्हणाले आणि आत जाऊन काकांसाठी तांब्या घेऊन आले. तांब्याची गोष्टही सांगितली. काका बिचारे इथलेच, जन्मभर ऐकलेली, पण त्यांनी पुन्हा ऐकली.

त्या रेघांवर मी मॅट वार्निशचा एकच पातळ हात दिला आणि इंजीन झालं. आता प्रश्न न्यायचं कशातून. काकांची चादर पुण्यापर्यंत पुरणारी नव्हती. दांडे नाजूक, धुराडं नाजूक. नाना खोकी शोधायला लागले, एक आखूड, एक मऊ. मी कट्ट्याखालून माझी पेटी ओढली. कपडे काढून फळीवर ठेवले. तळाशी जुनी लुंगी अंथरली, इंजीन ठेवून बघितलं. मापात बसलं. बाजूनं पाट्यांच्या कामातल्या कापसाच्या चिंध्या भरल्या.

"अरे, आणि तुझं सामान?" काकांनी विचारलं.

"राहील फळीवर," मी म्हटलं.

वहिनी दारात होत्या. संध्याकाळी फळीवर वर्तमानपत्र अंथरलेलं होतं, कपडे घडी करून ठेवलेले होते.

भाऊबिजेनंतर काका पुण्याला गेले. माझ्या गावाचा पत्ता झाकणावर घेऊन ती पेटी नेपानगरच्या फलाटावरून गाडीत चढली. नानांनी गोणपाट काढलं ते परत टाकलं नाही. काकांनी पुण्यात जिथे तिथे दाखवलं असावं, कारण हळूहळू कुरिअरनं विमानं यायला लागली, गलबतं यायला लागली. बॅटरीचं पाणी आम्ही कॅननं आणतो. पिण्याला अजून भंडाऱ्याचंच.

मागच्या थंडीत एक गृहस्थ आले. मध्यमवयीन, अंगानं वाळलेले, त्यामुळे मी आधीच ओळखलं. काकांचा मुलगा. काका गेले होते, शांतपणे गेले. मुलाच्या हातात माझी पेटी. पत्ता थोडा उडाला होता, पण मास्तरांचा हात ओळखू येत होता. इंजीन त्यांनी काळजीनं बाहेर काढलं. एक दांडा निखळला होता, तेवढा बसवायचा. आणि आणखी एक, ते म्हणाले, खाली हे पांढरे डाग पडलेत, तेही जमलं तर काढून द्या.

नाना आता ऐंशीच्या पुढे आहेत. खाटेवर पडून असतात, पण कान शाबूत. पडल्या पडल्या म्हणाले, "डाग कोणाले म्हणते रे तो?"

मग मी काकांच्या मुलाला सगळं सांगितलं, जसं इथे लिहिलं तसंच, फक्त थोडं पातळ करून. त्यांनी त्या रेघांवरून हलकेच बोट फिरवलं. मी दांडा बसवून दिला. रेघा तशाच. निघताना त्यांच्या लक्षात आलं, म्हणाले, ही पेटी तर तुमची आहे ना, बाबा सांगायचे परत द्यायची राहिली म्हणून. मी दुसरं काही बघतो, तुम्ही ही ठेवून घ्या.

मी झाकण लावलं, कडी घातली आणि पेटी त्यांच्याकडे सरकवली.

"असू द्या तुमच्याकडे," मी म्हटलं. "माझं सामान केव्हाच जागेला लागलं."